धर्मबापाचा हात

"कोंबडी न्यायची नाही म्हणजे नाही," झाम्फिरा म्हणाली. "कोंबडी नाही, वेणीचा पाव नाही, दारूची बाटली नाही. आणि हाताचा मुका तर नाहीच नाही. त्या हाताला मी चावले नाही हेच पुष्कळ समज."

साबिन जमिनीवर बसून कोंबडीचे पाय सुतळीनं बांधत होता. एवढा धिप्पाड गडी, पण कोंबडीला काचू नये म्हणून जीभ दातांत धरून सैल गाठ मारत होता. मैदानावर हाच माणूस समोर दिसला की भलेभले फॉरवर्ड लांबूनच चेंडू हाणायचे, जवळ यायचे नाहीत.

"अगं, उद्यापासून मोठा उपास," तो म्हणाला. "आज माफीचा रविवार. लग्नात ज्यानं आपल्यामागे मेणबत्ती धरून उभं राहायचं पुण्य केलं, त्या धर्मबापाच्या दारात आज नाही जायचं तर कधी जायचं? दरवर्षी जातो."

"दरवर्षी त्यानं तुझा बळी दिला नव्हता! माफी तू मागणार? कशाची रे? भर टीव्हीवर तुझी अब्रू त्यानं काढली आणि माफी तू मागणार? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"बस माझ्यामुळे मागे गेली, हे तरी खरं आहे ना?"

यावर झाम्फिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण नवऱ्याचा हा भोळेपणा खोटा नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

आपल्या या खाणींच्या खोऱ्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. फुटबॉल संघाची बस सामन्याला निघाली की मागे घ्यायची नसते. वळसा घालील, गाव फिरून येईल, गल्ली अडली तर खेळाडू खाली उतरून समोरची मोटार उचलून बाजूला ठेवतील, पण मागे नाही. मागे गेली की सामना गेला. डॉक्टर असो, पाद्री असो, खाणीतला मुकादम असो, या बाबतीत सगळे एका माळेचे मणी. गेल्या रविवारी काय झालं, तर तीन महिन्यांची पोरगी रात्रभर ओकत होती. बाप तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता आणि पहाटे त्याचा डोळा लागला. बस खालच्या कॉलनीचा थांबा सोडून पुढे गेली. म्हाताऱ्या फिलिमोन ड्रायव्हरला आरशात कर्णधार साबिन बॅग घेऊन धावताना दिसला. त्यानं गिअर टाकला आणि बस मागे घेतली. जेमतेम दोन घरांइतकी. पण आतले सगळे खेळाडू छातीवर क्रूस काढायला लागले, आणि पुढच्या सीटवरून कोच इलारिये ओरडला, "अरे मुडद्या, काय केलंस हे!"

मग गुणतक्त्यात तळाला असलेल्या संघानं चार गोल घातले. आणि बुधवारी इलारियेनं, म्हणजे झाम्फिराच्या सख्ख्या थोरल्या भावानं, साबिनच्या धर्मबापानं, पत्रकारांसमोर सांगितलं की ज्या कर्णधाराला वेळेवर उठता येत नाही, ज्याच्यापायी बस मागे जाते, तो या संघात नको. काढला.

"मी येते," झाम्फिरानं पोरीला शालीत गुंडाळलं. "पण हात तू धर. मी तोंड उघडणार आहे."

* * *

वालेया सुरा या खाणगावात वरच्या आळीला जायचं म्हणजे चढ. बाजूला बंद पडलेल्या खाणीचा लोखंडी मनोरा, खाली जिऊ नदीचं काळं पाणी. झाम्फिरा पुढे आणि साबिन टोपली घेऊन मागे. येणाजाणारे साबिनला बघून टोपी काढत होते, पण थांबत नव्हते. मयताच्या घरच्या माणसाला करतात तसं. दोन आठवड्यांपूर्वी हेच लोक त्याला रस्त्यात अडवून दारू पाजत होते.

भावाचं घर दिसलं आणि तिला रडू यायला लागलं, त्याचाही तिला राग आला. बाप खाणीतल्या अपघातात गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. इलारिये तेव्हा गावच्या 'लाम्पा' संघात नुकताच उभा राहिला होता. त्यानं पहिल्या पगारात तिला लोकरी अस्तराचे बूट आणले, स्वतः प्लास्टिकचे घालून बर्फातून सरावाला गेला. पुढं बुखारेस्टला गेला, देशाकडून खेळला, तुर्कस्तानात दोन वर्षं काढली. खोऱ्यात म्हणायचे, इलारियेच्या शेजारून चेंडू जाईल किंवा माणूस जाईल, दोन्ही जायचे नाहीत. गुडघा पिचला तरी सुई टोचून घेऊन उभा राहायचा. अशा माणसाचा अभिमान कुणाला नसेल? तिला होता. शाळेत ती त्याच्या नावावर मारामाऱ्या करायची.

पण बूट काढले आणि कोच झाला, तिथून त्याचं माणूसपण झिजत गेलं. आपल्याकडे कोचची नोकरी म्हणजे अळवावरचं पाणी. तीन सामने हरला की मालक फोन करतो, तोही स्वतः नाही, कारकुनाकडून. दहा-अकरा वर्षांत इलारियेनं इतके क्लब पाहिले की वहिनी देस्पिनानं सामानाची खोकी उघडणंच सोडून दिलं होतं. चमचे एका गावी, पडदे दुसऱ्या गावी. शेवटी गावच्या 'लाम्पा'नंच कोच म्हणून बोलावलं, तेव्हा ती पहिल्यांदा खिळे ठोकून भिंतीवर चित्रं लावताना झाम्फिरानं पाहिली होती.

"वहिनीचं वाईट वाटतं," ती चढावर थांबून म्हणाली. "बाकी कुणाचं नाही."

"मला सगळ्यांचंच वाटतं," साबिन म्हणाला.

"तुझं हेच नडतं."

* * *

दार देस्पिनानं उघडलं. तिनं आधी पोरीला घेतलं, मग नणंदेकडे पाहिलं. "आलात, बरं केलंत," ती हळूच म्हणाली. "दोन दिवस झोपला नाहीये. आज जरा दमानं घे गं."

"दम माझा बुधवारीच संपला, वहिनी."

आत आई, सावेता, शेगडीशेजारच्या खुर्चीत बसली होती. मधला भाऊ लेओंतिन टेबलाशी त्सुइका दारूचा दुसरा पेला भरत होता. लेओंतिन स्टेडियमची देखभाल बघायचा. गवत कापायचं, रेषा मारायच्या, थंडीत कार्यालयाची शेगडी पेटवायची. ही नोकरी इलारियेनंच लावून दिलेली. त्यामुळे बुधवारपासून त्याच्या तोंडाला कुलूप होतं. टेबलावर चीजच्या गरम पोळ्या, अंडी, मक्याचा घट्टा आणि वर मलई. उपासाआधीच्या आठवड्यातही मांस चालत नाही, त्याला गेल्या रविवारीच निरोप दिलेला. मधोमध इलारिये बसला होता. वाईट गुडघा खुर्चीबाहेर सरळ पसरून, पांढरी झालेली दाढी न करता.

साबिननं टोपली दारापाशी ठेवली. कोंबडी एकदा ओरडली आणि गप्प झाली.

"या," इलारिये म्हणाला. "बसा. खा आधी."

"खायला नाही आलो," झाम्फिरा म्हणाली.

"मग उभी राहा. पाय तुझे आहेत."

"अरे, काय हे, उंबरठ्यातच?" आई म्हणाली. "ये गं, इकडे ये. साबिन, ये बाळा. तुला बघून तरी बरं वाटतं. इथे माणूस म्हणावा असा एकच येतो हल्ली."

"आई!" इलारियेनं टेबलावर हात आपटला. "आपल्याच घरात मला किती ऐकवणार? सकाळपासून चालू आहे तुझं."

"मी काय चुकीचं बोलले? गेल्या हिवाळ्यात माझं कंबरडं मोडलं तेव्हा मला कॉलनीतल्या जिन्यावरून उचलून कुणी उतरवलं? तू होतास? तू सामन्याला. हा होता. रोज चार मजले. आता त्यालाच कचऱ्यासारखा फेकून दिलास, आणि मी चूप बसू?"

"आई, संघ वेगळा, घर वेगळं," लेओंतिन पेल्यात बघत म्हणाला. "दादाला संघाचं बघावं लागतं. शिस्त नको? आज याला सोडलं, उद्या दुसरा झोपेल."

"तू बोलूच नकोस," झाम्फिरा त्याच्याकडे वळली. "गवत कापता कापता स्वतःचा कणाही कापून टाकलास काय रे?"

लेओंतिनचे कान लाल झाले. "मला दोन पोरं आहेत, झाम्फिरा."

"मला पण एक आहे. आणि तिचा बाप आता बेकार आहे. या वयात कोणता क्लब घेणार त्याला? सांग ना, दादा. तुला तर धंदा ठाऊक आहे. भर टीव्हीवर ज्याला पनवती म्हटलं, ज्याच्या पायानं बस मागे जाते, त्याला कोण घेईल? बसमध्ये तरी कुणी बसू देईल का?"

 इलारियेनं पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटलीत ठेवला.

"पुरे," साबिन म्हणाला. "झाम्फिरा, पुरे. मी ज्यासाठी आलोय ते करू दे."

तो पुढे झाला. टोपी काढून काखेत धरली, इलारियेच्या खुर्चीसमोर वाकला आणि दरवर्षी म्हणायचा तसं म्हणाला, "काही चुकलंमाकलं असेल तर मला माफ करा, धर्मबाबा."

खोलीत शेगडीतलं लाकूड तडतडत होतं. देस्पिना पोरीला डुलवायची थांबली.

"देव तुला माफ करो," इलारियेनं हात पुढे केला, आणि पुढचं घाईघाईनं, गोळी गिळावी तसं म्हणून टाकलं, "आणि तूही मला माफ कर."

साबिननं हात धरला. तो ओठांना लावणार तेवढ्यात झाम्फिरानं त्याचं मनगट पकडलं.

"कशाबद्दल?"

"काय कशाबद्दल?" इलारियेनं वर पाहिलं.

"माफी मागितलीस ना आत्ता? कशाबद्दल मागितलीस ते सांग. पोपटासारखं नको. याला माफ करायचंय, तर काय माफ करायचंय हे कळू दे त्याला."

"अगं, असं विचारतात का?" आई घाबरून म्हणाली. "हे बोलायचं असतं, माझी आई आजीला म्हणायची, आजी तिच्या..."

"तू थांब, आई. बोल, दादा. बस मागे गेली म्हणून चार गोल झाले, असं तुला वाटतं? खरंच? देशाकडून खेळलेल्या माणसाला?"

"वाटतं!" इलारिये ओरडला. "हो, वाटतं! मी वीस वर्षं खेळलो, एकदाही बस मागे गेली नाही! एकदा गेली होती, तेव्हा माझा गुडघा गेला! हसतेस काय? हसू नकोस!"

"मी हसत नाहीये. मला रडावंसं वाटतंय, पण तुझ्यासमोर रडणार नाही. आपल्यावर दुसरा गोल कसा झाला? तुझ्या लाडक्या गोलकीपरच्या दोन पायांतून चेंडू गेला. तिसरा? तूच दोन बचावपटू काढून फॉरवर्ड घातलेस म्हणून. सगळ्या गावानं बघितलं. फिलिमोनची बस काय मैदानावर आली होती का रे चेंडू मारायला?"

"तुला फुटबॉलमधलं काय कळतं!"

"तुझ्याच घरात वाढले मी! जेवताना मीठदाणी आणि पेले मांडून मला बचाव शिकवणारा तूच होतास!"

इलारिये उठायला गेला, गुडघ्यानं दगा दिला आणि तो पुन्हा बसला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. जेव्हा बोलला तेव्हा आवाज खाली आला होता, पण राग कमी झाला नव्हता.

"ऐकायचंय? ऐक मग. मंगळवारी रंझोयूनं मला बोलावलं. क्लबचा मालक. म्हणाला, लोक पेटलेत, मला एक डोकं पाहिजे. तुझं दे, नाहीतर दुसऱ्या कुणाचं दे. मी बावन्नचा आहे. हा माझा शेवटचा क्लब. इथून काढलं तर मला शाळेच्या पोरांचा संघसुद्धा कुणी देणार नाही. हिनं," त्यानं देस्पिनाकडे बोट केलं, "आत्ता कुठं पडदे लावलेत. मी काय करणार होतो?"

"म्हणून साबिनचं नाव दिलंस."

"त्यानं नाव मागितलं. मी दिलं. बसचं कारण तयारच होतं, लोक आधीच बोलत होते. गोलकीपरचं दिलं असतं तर त्याचा सासरा रंझोयूचा भागीदार. संघातल्या कोवळ्या पोरांपैकी एखाद्याचं दिलं असतं, तर आयुष्यातून उठला असता. साबिन घरचा. मला वाटलं, साबिन समजून घेईल."

"वा!" झाम्फिरा म्हणाली. "घरचा म्हणून मान कापली. परक्याची कापली असती तर तो ओरडला असता."

"त्यानंही माझ्या जागी हेच केलं असतं!" इलारिये पुन्हा चढ्या आवाजात म्हणाला. "कुणीही केलं असतं! हा धंदाच असा आहे! खुर्ची दिसली की मुलगा बापाला ओळखत नाही, आणि तुम्ही मला शहाणपण शिकवता!"

त्याच वेळी लेओंतिननं पेला खाली ठेवला. हळू ठेवायला गेला, पण पेलाच आडवा झाला आणि दारू टेबलावर पसरली.

"नाही केलं त्यानं," तो म्हणाला.

"काय?"

"म्हणालास ना, त्यानं हेच केलं असतं. नाही केलं. मंगळवारी तुझ्या आधी रंझोयूनं याला बोलावलं होतं. मी तिथंच होतो, शेगडी धूर करत होती म्हणून गुडघ्यांवर बसून राख काढत होतो. शेगडी साफ करणारा माणूस म्हणजे मोठ्यांना फर्निचर वाटतं. रंझोयू म्हणाला, साबिन, इलारिये संपला. खेळाडूंचा त्याच्यावर विश्वास उरला नाही, एवढंच तू बाहेर जाऊन बोल. हंगाम संपेपर्यंत खेळाडू आणि कोच दोन्ही तू. पुढचा करार तुझ्या नावानं."

 साबिननं मान खाली घातली, जणू चोरी त्याचीच पकडली गेली होती.

"लेओंतिन," तो म्हणाला, "मी तुला सांगितलं होतं ना, बोलू नकोस म्हणून."

"किती दिवस बोलू नको? पाच दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही! बायकोला कळेना मला काय झालंय! आणि हा इथं बसून म्हणतो, कुणीही केलं असतं!" लेओंतिन थोरल्या भावाकडे वळला. "दादा, तुला माहीत आहे हा काय म्हणाला? म्हणाला, 'धर्मबापाच्या खुर्चीत मी बसत नसतो, साहेब. तुम्ही दुसरा बघा.' एवढंच. आणि टोपी घालून निघाला. मग रंझोयूनं तुला फोन लावला."

झाम्फिरा नवऱ्याकडे वळली. आता राग कुणावर काढावा हेच तिला कळेना. "मला का नाही सांगितलंस? चार दिवस मी घरात ओरडतेय, भांडी आपटतेय, आणि तू कोंबडीला दाणे घालतोयस! मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी इथे येऊन ओरडली असतीस," साबिन म्हणाला. "आणि यांना कळलं असतं की यांच्या खुर्चीचा लिलाव चाललाय. मला वाटलं, नको. सामन्याआधी माणसाचं मन स्थिर पाहिजे."

इलारिये त्याच्याकडे बघत राहिला. कुणाला वाटलं असेल तो रडेल, माफी मागेल. झाम्फिरालाही क्षणभर तसं वाटलं. पण त्याचा चेहरा तांबडालाल झाला, कपाळावरची शीर फुगली, आणि तो साबिनवरच कडाडला.

"गाढवा! का नाही घेतलीस? कोच करत होता तुला! या वयात! घरी तान्हं पोर! का नाही घेतलीस, मूर्खा? मी घेतली असती! कळतंय का तुला? मी तुझ्या जागी असतो तर एका मिनिटात घेतली असती!"

"माहीत आहे, धर्मबाबा," साबिन म्हणाला.

ते त्यानं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. आईनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. देस्पिना खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, पोरगी तिच्या खांद्यावर झोपलेली.

इलारियेनं टेबलावरचा फोन ओढला. दोनदा चुकीचा नंबर लागला.

"रंझोयू? इलारिये बोलतोय. नाही, तुझी जेवणाची वेळ गेली खड्ड्यात. ऐक. शनिवारी साबिन खेळणार. कर्णधार म्हणून. हो, बुधवारी मी काय बोललो ते मला माहीत आहे, मीच बोललो, आता मीच खोटं पाडतोय. डोकं पाहिजे ना तुला? माझं घे, पुढच्या सोमवारी घे, थाळीत घे. पण शनिवारी तो खेळणार, नाहीतर तू स्वतः चड्डी घालून मैदानात उतर!" पलीकडून काहीतरी लांबलचक बोलणं आलं. इलारियेनं ते ऐकून घेतलं. "बरं. हरलो तर दोघेही जाऊ. मंजूर." फोन त्यानं टेबलावर आपटला. "झालं."

आईनं छातीवर क्रूस काढला. लेओंतिननं सांडलेली दारू बाहीनं पुसली आणि चोरून हसला. "दादा, त्याला चड्डी घालायला सांगितलीस! आता माझी नोकरी गेली, पण काही म्हण, ऐकायला मजा आली." खोलीतली हवा जरा सैल झाली. देस्पिना म्हणाली, पोळ्या गार झाल्या, मी गरम करते. झाम्फिरा भिंतीला टेकली. तिला भावाचा राग होता तो होताच, पण त्याच्याखाली जुनं काहीतरी हललं. हा तोच होता. अंगावर येणाऱ्याला आडवा होणारा.

"चल," इलारियेनं पुन्हा हात पुढे केला. या वेळी आवाज दबलेला होता. "झालं ते झालं. माफ कर मला, आणि तुला कशाबद्दल ते आता ठाऊक आहे. ये, पोरा. हे संपवून जेवू. ईस्टरनंतर पोरीचं नामकरण आहे, तिचेही धर्मआईबाप आम्हीच, मी आणि देस्पिनानं सगळं..."

साबिन उभाच राहिला.

"माफ केलं," तो म्हणाला. "मनापासून केलं. मनात काही ठेवलेलं नाही, देवाशपथ. शनिवारी तुम्ही सांगाल तिथं उभा राहीन, जीव तोडून खेळेन. तुम्ही माझे कोच आहात."

"मग?"

"पण धर्मबाप म्हणून आज शेवटचा आलो." त्यानं टोपी हातात फिरवली. "लग्नात आमच्या डोक्यावर मुकुट घालताना पाद्रीनं तुम्हाला विचारलं होतं, यांना सांभाळाल का. तुम्ही हो म्हणालात. मी ते खरं धरून चाललो. आता मला ते धरता येत नाही. तुम्ही वाईट आहात म्हणून नाही. तुम्हीच म्हणालात, माझ्या जागी तुम्ही घेतली असती. मग माझ्या पोरीला मी कुणाच्या भरवशावर बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरवू? तिचं नामकरण दुसरं कुणी करेल."

आधी आईला कळलं. "साबिन!" ती खुर्चीतून अर्धी उठली. "धर्मबाप टाकत नसतात रे! पाप लागतं! बाप टाकलेला चालतो एक वेळ, धर्मबाप नाही! शब्द मागे घे! थुंक आणि मागे घे!"

"आई, मी टाकत नाही. परत देतोय. दारात येऊन, टोपी काढून."

"चालता हो," इलारिये म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की लेओंतिनला वाटलं तो गुदमरतोय. "चालता हो माझ्या घरातून. मी तुझ्यासाठी आत्ता माझी खुर्ची..." त्यानं फोनकडे पाहिलं. "मी तुझ्यासाठी!"

"कळतंय मला, धर्मबाबा," साबिन म्हणाला, आणि मग स्वतःलाच दुरुस्त केल्यासारखं, "इलारिये दादा." त्याचे डोळे भरले होते. तो देस्पिनाकडे गेला आणि दोन्ही हात पुढे केले.

देस्पिनानं पोरीला घट्ट धरलं. तिला मूलबाळ नव्हतं. नामकरणाचं पांढरं कापड तिनं जानेवारीतच शिवून ठेवलं होतं, झालर हातानं विणलेली, आणि ते कुठल्याही खोक्यात नव्हतं, आतल्या कपाटात वरच्या फळीवर होतं.  तिनं पोरीची टोपी नीट केली, शालीचं टोक दुमडलं, आणि ती साबिनच्या हातात दिली. मग नवऱ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "पडद्यांचं कारण पुन्हा कधी माझ्यावर ढकलू नकोस, इलारिये. मी तुला पडदे मागितले नव्हते." आणि आत निघून गेली.

साबिन दारापर्यंत पोचला, वळला. "येतेस?"

झाम्फिरा जागची हलली नाही. सकाळपासून तिला हेच हवं होतं. हात चाटायचा नाही, नातं ठेवायचं नाही. ती घसा फोडून हेच मागत होती. आणि आता नवऱ्यानं ते शांतपणे, तिच्यापेक्षा किती तरी नीट करून टाकलं होतं, तर तिला ते नकोसं झालं होतं.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "पोरगी उठेल. मी येते मागून."

दार लागलं. आई स्वतःशीच प्रार्थना पुटपुटत होती. लेओंतिननं सगळ्यांची नजर चुकवली. इलारियेचा हात अजून टेबलाच्या कडेवर पालथा पडून होता, साबिनसाठी पुढे केला होता तसाच.

"आता काय?" तो बहिणीकडे न बघता म्हणाला. "तू राहिलीस. तूही परत देऊन टाक मला. दे. काढ एकदा मनातलं सगळं, आणि जा त्याच्यामागे."

"कसं देऊ?" झाम्फिरा ओरडली. इतक्या मोठ्यानं की आतल्या खोलीत देस्पिनाच्या हातातलं काहीतरी पडलं. "त्याला धर्मबाप मिळाला होता, त्यानं परत दिला. सुटला! मी बहीण आहे तुझी! परत देता आलं असतं ना, दादा, तर बुधवारीच तुझ्या दारात ठेवून गेले असते, मागे वळूनसुद्धा पाहिलं नसतं!"

तिनं त्याच्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसली.  इलारियेनं मान वर केली नाही. तिनंही त्याच्याकडे पाहिलं नाही. दोघं तसेच समोरासमोर बसून राहिले, आणि तिला उठून जाता येईना.